बाजरीतला टँकर

मुलीकडचे घर बघायला येणार म्हटलं की मुलाच्या आईला दारू, पत्ते आणि उधारी या तीन गोष्टींची धास्ती असते. रत्नाबाईंना यातली एकही नव्हती. त्यांचा प्रबुद्ध वीज मंडळाच्या सबस्टेशनात ऑपरेटर होता, ड्युटी संपली की सरळ घरी यायचा आणि सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. तरी मे महिन्यातल्या त्या रविवारी मंचरच्या त्या दोन खोल्यांमध्ये रत्नाबाई सकाळपासून अशा काही घाबऱ्याघुबऱ्या फिरत होत्या, की जणू घरात पोलीसच येणार होते. कारण त्यांच्या मुलाला जो नाद होता तो दारूसारखा चारचौघांत सांगण्याजोगा नव्हता. तिशी ओलांडलेला, मिशी असलेला, सरकारी पगार घेणारा हा माणूस खेळण्यातल्या गाड्या जमवत होता.

त्यातही साध्या गाड्या नाहीत. जत्रेतली जीप किंवा दुकानातली बस त्याला कुणी फुकट दिली तरी नको होती. प्रबुद्ध शाळेत असताना गल्लीत पहिला टीव्ही आला तो शेजारच्या साळुबाईंकडे, आणि त्यावर दर शनिवारी एक परदेशी मालिका हिंदीतून लागायची. मंगळावर माणसांनी वस्ती केलेली, आणि तिथले ट्रकवाले या वस्तीचा माल त्या वस्तीला पोचवायचे. मंगळावर पाण्याची बोंब, त्यामुळे सगळ्यात मान टँकरवाल्याला. सहा चाकांचा, टपावर निळा दिवा असलेला तो टँकर लाल धुळीतून आला की वस्तीतली माणसं हंडे घेऊन धावत नसत एवढंच. बाकी सगळं आपल्यासारखंच. आंबेगाव तालुक्यातल्या पूर्वेकडच्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय, त्यामुळे परग्रहावरची ती गोष्ट साळुबाईंच्या ओसरीवर कुणालाच परकी वाटली नाही.

मालिका संपली, गल्ली ती विसरली. प्रबुद्ध विसरला नाही. पुढे पुण्याला शिकायला असताना जुन्या बाजारात नटबोल्टांच्या ढिगात त्याला तोच टँकर दिसला. तळहाताएवढा, धातूचा, टपावर निळ्या काचेचा दिवा. मालिका तिकडे नवी होती तेव्हा तिथल्याच एका कंपनीनं पोरांसाठी काढलेला. तो त्यानं उचलला आणि तेव्हापासून त्याचं ठरूनच गेलं. पुण्याला गेला की जुना बाजार, आळेफाट्याला उतरला की भंगारवाले, आणि मंचरात सायबर कॅफे निघाल्यावर रोज थोडा वेळ तिथं. बाकीची पोरं तिथं काय बघायची ते विचारू नये. हा आपला टँकरचं बूड बघत बसायचा. पहिल्या खेपेच्या टँकरला निळा दिवा, नंतरच्याला पिवळा. मूळचा रंग असेल तर खिळ्याच्या कडेला तो पातळ असतो, मागाहून रंगवला असेल तर तिथं साचतो. कुठली चाकं अस्सल आणि कुठली भलत्याच गाडीची काढून बसवलेली, हे तो अंगठा फिरवून सांगायचा. सांगायचा अर्थात स्वतःलाच, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याला मुली सांगून येत होत्या आणि कुठं ना कुठं अडत होतं. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नव्हतं, ते मढ गावाला मुलगी बघायला जाईपर्यंत. मढचे धम्मपाल पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची मुलगी तेजस्विनी आरोग्य केंद्रात नर्स. पोह्यांची बशी हातात देताना ती खाली वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "खडा लागला तर गिळू नका, बाजूला काढा. आत्याला दिसत नाही आता नीट." आजवर बघितलेल्या मुलींपैकी एकीनंही त्याच्याशी आपणहून शब्द काढला नव्हता. प्रबुद्धनं ते पोहे असे खाल्ले की खडा असता तरी त्याला कळलं नसतं. परतताना आळेफाट्याला गाडी बदलायची, तर हा नाशिकच्या गाडीत जाऊन बसला. रत्नाबाईंनी दंडाला धरून खाली उतरवलं तेव्हा त्यांना सगळं समजलं आणि त्याच वेळी धास्तीही बसली.

कारण मढच्या बैठकीत धम्मपालांनी विचारलं होतं, "मुलाला आवड कशाची?" आणि प्रबुद्धनं तोंड उघडायच्या आत रत्नाबाई बोलून गेल्या होत्या, "वाचनाची." प्रबुद्धनं मान हलवली. नुसती मान हलवली, पण ती त्याला पुढे कितीतरी दिवस जड झाली. बाकी कुठल्याही मुलीशी खोटं बोलला असता तर त्याला एवढं लागलं नसतं.

तर त्या रविवारी तो पेढे आणायला गेला तेवढ्यात रत्नाबाईंनी काम उरकून टाकलं. परत येऊन बघतो तर गाड्यांच्या फळीवर एकही गाडी नाही. तिच्यावर वर्तमानपत्र अंथरून धम्मपदाचं पुस्तक आणि नोकरीच्या परीक्षेची जुनी गाईडं मांडलेली.

"आई, गाड्या कुठंयत?"

"हायेत. सुखरूप हायेत."

"पण कुठं?"

"पावणं गेल्यावर सांगते. तुला आत्ता सांगितलं तर तू तिकडंच बघत बसशील."

आईचं हे म्हणणं खरं असल्यामुळे तो पेढे ताटलीत काढायला लागला.

पाहुणे आले ते तिघं. धम्मपाल, त्यांची बहीण केशरबाई, आणि चक्क तेजस्विनी. घर बघायला मुलीला आणायची रीत नाही, पण केशरबाईंनी दारातच सांगून टाकलं, "नांदायचं तिला हाय, घर बी तिनंच बघावं." केशरबाई तरुणपणीच सासर सोडून भावाकडं आल्या होत्या. तेजस्विनीची आई लवकर गेली आणि पोरीला त्यांनीच वाढवलं. भाऊ हो म्हणाला तरी त्या नाही म्हणाल्या तर नाही, एवढं मढमध्ये सगळ्यांना माहीत होतं. जय भीम झाला, पाणी झालं, भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडून झाले, आणि पुरुष माणसं लोडशेडिंगवर बोलायला लागली. वीज मंडळाचा माणूस समोर सापडल्यावर दुसरा विषय निघतोच कशाला. प्रबुद्ध उत्तरं देत होता आणि तेजस्विनी कुठं बघतेय ते न बघितल्यासारखं करत होता. ती पुस्तकांच्या फळीकडं बघत होती.

बायका घर बघतात ते बैठकीत बसून नव्हे. केशरबाई पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरल्या. मोरी बघितली, चुलीमागची भिंत बघितली, तवा उलटा करून बघितला. मग त्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीपाशी आल्या आणि रत्नाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मे महिना म्हणजे कोठी अर्ध्यावर आलेली असते. रत्नाबाईंकडंही तशीच होती. कपाटाला कुलूप नव्हतं, खाटेखाली पाहुण्यांची नजर आधी जाते, तेव्हा त्यांनी गाड्या कोठीत ठेवून वरून बाजरी सारखी केली होती. गाड्याही दिसेनाशा झाल्या आणि कोठीही शिगोशीग भरल्यासारखी दिसायला लागली. आपल्या हुशारीवर त्या सकाळी स्वतःच खूश होत्या. पण वरचं धान्य चांगलं आणि खालचं किडकं, असला प्रकार केशरबाईंनी पुष्कळ घरांत बघितला होता. त्या कधीही वरची मूठ बघून समाधान मानत नसत. त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

हात बाहेर आला तो टँकर घेऊन. सहा चाकांतून बाजरी गळत होती. केशरबाईंनी तो खाली ठेवला, पुन्हा हात घातला. एक मालगाडी आली. पुन्हा घातला, एक खोदाईची गाडी आली. सगळ्या काढून झाल्यावर त्यांनी त्या पदरात भरल्या, बाहेर येऊन सतरंजीवर ओतल्या आणि खाली बसल्या.

"रत्नाबाई," त्या म्हणाल्या, "पोर कुठं ठेवलंय?"

रत्नाबाईंना प्रश्नच कळला नाही. "कुणाचं पोर?"

"ह्यांचं. ज्याची खेळणी पावणं यायच्या आदी धान्यात पुरून ठेवली त्याचं."

धम्मपाल बशीत चहा ओतायचे थांबले. प्रबुद्ध सतरंजीवर विखुरलेल्या आपल्या गाड्यांकडं बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की समोरच्या बाईंनी त्याला बायको दिली आहे आणि लेकरूही दिलं आहे.

"मी सांगते कशापायी इच्चारते ते," केशरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "माझं लगीन लागलं तवा मी हिच्याहून ल्हान व्हते. सासरी गेले, आणि कपडे वाळत घालाया मागल्या दारी गेले, तर तितं पांगुळगाडा. नवा, तेल दिलेला. मी सासूला म्हटलं, ह्यो कुणाचा. ती म्हणली, शेजाऱ्याचा. शेजाऱ्याचं पोर चालाया लागून साल झालं व्हतं. माझ्या नवऱ्याची पहिली बायको माहेरी व्हती, पोर तिच्यापाशी. आमच्यापासून सगळं लपवलं, आणि त्यो गाडा तेवढा लपवायचा राहिला. तुमी खेळणीबी लपवली, एवढाच काय तो फरक."

रत्नाबाई रडायला लागल्या, आणि अशा वेळी रडणं म्हणजे कबुलीच धरली जाते हे त्यांना कोण सांगणार. प्रबुद्धनं तेजस्विनीकडं बघितलं. ती मान खाली घालून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. हिला आपण लबाड वाटतोय, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. मोडलं लग्न तर मोडलं, पण ही मढला जाऊन आपल्याला असला माणूस समजून जगेल, हे त्याला सोसवेना.

"माझी आहेत ती," तो म्हणाला.

"पोरं?"

"गाड्या. मीच आणतो. माझ्यासाठी."

"खेळाया?"

"खेळायला नाही. बघायला. ओळखायला." स्वतःच्याच कानाला ते खोटं वाटलं.

"शेजारीण बोलवा," केशरबाई म्हणाल्या.

साळुबाई दाराशीच होत्या, बोलवायला फार लांब जावं लागलं नाही. कडेवर नात होती, नुकती चालायला लागलेली. चांगलं बोलायच्या इराद्यानंच त्या आल्या होत्या आणि चांगलंच बोलल्या. "पोरगा सोन्यासारका हाय, पावणं. कुणाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई. पुण्याला गेला की एखादं खेळणं आणतो, तेवढंच."

"कुणासाठी आणतो?"

"त्ये म्या कदी इच्चारलं न्हाई," साळुबाई मोठ्या मनानं म्हणाल्या. "म्हटलं, आसंल कुणाचं."

सोन्यासारख्या पोराचं एवढं वाटोळं दुसऱ्या कुणी दोन शब्दांत केलं नसतं. त्यात केशरबाईंनी टँकर उचलून बोटांनी चाचपला. मागच्या रबरी नळीवर चार बारीक खळगे होते. "आणि ह्ये दात कुणाचे?"

आता मात्र प्रबुद्धला बोलायला जागा सापडली. त्यानं टँकर उलटा केला, खालचा पत्रा दाखवला. "हे वर्ष बघा. पहिल्या खेपेचा आहे हा, दिवा निळा आहे म्हणून. नंतरच्याला पिवळा लावला. रबर बघा, दगडासारखं झालंय, आता यात दात रुतणारच नाही. ज्या पोरानं हे चावलं ते पोर आज माझ्याहून मोठं असेल. तिकडं विलायतेत कुठंतरी. त्याला आता नातवंडंसुद्धा असतील." बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. खोदाईची गाडी उचलून तिचं एक चाक मूळचं कसं नाही हेही तो सांगायला लागला, ते कुणी विचारलेलं नसताना.

तेजस्विनीनं पुढे होऊन खालचं वर्ष वाचलं. "आत्या, खरंच जुनं आहे. बाबांच्या लग्नाच्याही आधीचं."

"आसंल," केशरबाई म्हणाल्या. "जुनं खेळणं नव्या पोराला देत न्हाईत का? तुला मी माझाच खुळखुळा दिला व्हता."

हे बरोबर होतं. एवढी वर्षं त्यानं प्रत्येक गाडीचा जन्म शोधून काढला होता, पण आपल्याला लेकरू झालेलं नाही हे कुठल्या गाडीवरून दाखवायचं?

धम्मपालांनी कपबशी खाली ठेवली. शांत माणूस, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "प्रबुद्ध, मी एकच इच्चारतो. तुमी हो म्हणला तरी आमी गुमान उठून जाऊ, बोभाटा करणार न्हाई. ह्याच्या आदी तुमचं लगीन झालंय का?"

आयुष्यात याहून मोठा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता आणि उत्तर एका शब्दाचं होतं. त्यानं तोंड उघडलं. त्याच क्षणी त्याला दिसलं, की साळुबाईंनी खाली सोडलेली नात सतरंजीवर बसली आहे, तिच्या हातात टँकर आहे आणि टपावरचा निळा दिवा सबंधच्या सबंध तिच्या तोंडात आहे.

धम्मपालांचा प्रश्न तसाच राहिला. प्रबुद्धनं सतरंजीवर उडीच घेतली. "नको, नको बाळ. तोंडात नाही घालायचं. मूळचा दिवा आहे तो." पोरीनं टँकर आणखी घट्ट धरला. त्यानं दोन बोटांनी हळूच ओढून बघितला. पोरीनं भोकाड पसरलं. त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "बरं, बरं, रडू नका. रडू नका तुम्ही. मी दुसरी देतो ना तुम्हाला." मग तो दुसरी शोधायला लागला. मालगाडी उचलली, तिच्याकडं बघितलं, परत ठेवली. खोदाईची उचलली, तिचं एक चाक खोटं होतं तरीही त्याला ती देववेना. सगळ्यांवरून हात फिरला आणि एकही गाडी त्याच्यानं उचलून पुढे करवली नाही. तिशी ओलांडलेला माणूस वर्षाच्या पोरीपुढं गुडघे टेकून हात चोळत बसला.

"आरं, बिस्कीट दे की तिला," साळुबाई म्हणाल्या.

त्यानं बशीतलं बिस्कीट घेतलं आणि पोरीच्या ज्या हातात टँकर होता त्याच हातात ते कोंबायला लागला.

तेव्हा तेजस्विनी उठली. तिनं ते बिस्कीट त्याच्याकडून घेतलं, पोरीच्या दुसऱ्या हातात दिलं, जरा तिच्याकडं बघून हसली. पोरगी बिस्किटाकडं वळली आणि टँकर आपोआप सुटला. तेजस्विनीनं तो पदरानं पुसला आणि प्रबुद्धपुढं धरला. त्यानं आधी दिवा बघितला, मग तिच्याकडं. हा क्रम तिच्या नजरेतून सुटला नाही.

मग खुसखुस ऐकू आली, आणि ती केशरबाईंची होती. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"न्हाई दादा," त्या भावाला म्हणाल्या. "ह्याला पोर न्हाई. पोराच्या बापाला येवढं येतंच. एका हातात द्यायचं, दुसऱ्या हातनं काढून घ्यायचं. बाप कितीबी नालायक आसूदे, ह्ये त्याला येतं. ह्यो तर पोरीला अहोजाहो करतोय. आणि घरात पोर असतं तर ह्या माणसानं त्याला ह्यातली एकबी गाडी दिली नसती. मग त्यानं चावावं कधी?"

"नाही झालं," प्रबुद्ध म्हणाला.

"काय?"

"लग्न. मघाशी विचारलं होतंत. नाही झालं."

आता साळुबाईसुद्धा हसल्या. रत्नाबाईंचं रडू थांबेना, पण ते आता वेगळं रडू होतं. प्रबुद्ध भिंतीला टेकून बसला. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला मोकळं वाटत होतं. खरं तर अजून हो कुणीच म्हटलं नव्हतं, हे त्याला नंतर आठवलं.

धम्मपालांना मात्र आठवण होती. लेकरू नाही हे ठीक, पण हे जे आहे ते काय आहे, हा त्यांचा प्रश्न शिल्लक होता. ते टँकरकडं चष्म्यातून बघत होते.

"म्हणजे वाचनाची आवड नाहीच," तेजस्विनी म्हणाली.

"पेपर वाचतो. तेवढाच." त्यानं आईकडं बघितलं नाही. "मला तेव्हाच सांगायचं होतं. पण वाटलं, तुम्ही हसाल."

"हसले असते," ती म्हणाली, आणि हसली. तिच्या हसण्यात त्याला कुठंही बोच सापडली नाही. सापडते का म्हणून त्यानं नीट ऐकलं होतं.

"ह्यो टँकर कुठला म्हणला?" धम्मपालांनी विचारलं.

"मंगळावरचा."

"मंगळावर पाणी हाय?"

"मालिकेत होतं. ध्रुवावरच्या बर्फातून वितळवून भरायचे."

"म्हंजे उद्भव हाय," धम्मपाल म्हणाले. पाटबंधाऱ्यातल्या माणसाला पाण्याचा उद्भव, म्हणजे मूळ, सापडलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. "आणि खेपा किती करायचा? तितनं वस्ती किती लांब?" प्रबुद्ध सांगायला लागला आणि ते मन लावून ऐकायला लागले. मध्येच त्यांनी एकदा मान हलवून म्हटलं, की एवढ्या लांब टँकर परवडत नाही, पाइपलाइनच टाकायला पाहिजे होती. त्या मालिकेवर इतका गंभीर विचार मंचरात आजवर एकानंही केला नव्हता. प्रबुद्धनंसुद्धा नाही.

दाखवायला म्हणून त्यानं टँकरचं पुढचं दार उघडलं आणि बोलता बोलता थांबला. आतली बैठक रिकामी होती. तिथं करंगळीच्या नखाएवढा ड्रायव्हर असायचा, लाल शिरस्त्राण घातलेला, सुटा. तोच नसेल तर टँकर अपुरा. प्रबुद्धचा चेहरा पडला, पण त्यानं दार लावून टाकलं आणि पाण्याच्या टाकीबद्दल पुढे बोलायला लागला. आत्ता, एवढं सगळं जेमतेम निभावल्यावर, मंगळावरच्या ड्रायव्हरसाठी तोंड उघडायचं नाही एवढी अक्कल त्याला आली होती. मिळालं ते पुष्कळ झालं, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि त्याला ते खरंच पटलंही.

जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं की केशरबाई जागेवर नाहीत. स्वयंपाकघरातून पाखडल्याचा आवाज येत होता. रत्नाबाई गडबडीनं उठून आत गेल्या, त्यांच्यामागून बाकीचेही गेले. केशरबाई कोठीपाशी पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर सूप, शेजारी बाजरीचा ढीग. त्या सूपभर धान्य घेत होत्या, हलवत होत्या, डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपत होत्या आणि परातीत टाकत होत्या.

"ताई, ह्ये काय करताय, ठेवा ते," रत्नाबाई म्हणाल्या.

"गाडीचं दार उघडलं आणि ह्यांचं तोंड एवढंसं झालं ते म्या बघितलं. आतलं काय तरी पडलंय. मीच ओढून काढलं कोठीतनं, म्हंजे माझ्याच हातनं पडलं." त्यांनी सूप पुन्हा भरलं. "एका घरात खेळणं बघितलं आणि सगळा जलम त्याच्यावरनं मापला मी. आज पयल्यांदा वाटलं, की नुसतं खेळणं बी असू शकतं."

तेजस्विनी त्यांच्याशेजारी बसली आणि तिनंही ढिगात हात घातला. प्रबुद्धला काय करावं कळेना, म्हणून तोही बसला. धम्मपाल उंबऱ्यात उभे राहून ती बाजरी कुठली म्हणून विचारत राहिले. बाहेर गल्लीतून कांद्याचे ट्रक घरघरत जात होते.

मग केशरबाईंची बोटं थांबली. चिमटीत काहीतरी धरून त्यांनी ते डोळ्यांशी नेलं, फुंकर मारली, अंगठ्यानं पुसलं. लाल ठिपका दिसला.

"हा घ्या तुमचा डायव्हर, जावईबापू," त्या म्हणाल्या. "आणि बाकीचंबी आत्ताच मोजून घ्या. लगीन लागल्यावर काय हरवलं, तर आमच्या पोरीवर ढकलाल."

जावईबापू हा शब्द सगळ्यांनीच ऐकला. रत्नाबाईंचा जीव भांड्यात पडला. तेजस्विनी मान खाली घालून बाजरी चिवडत राहिली, आता काही शोधायचं उरलेलं नसतानाही. प्रबुद्ध मोठ्यांचा शब्द मोडायचा नाही म्हणून बाहेर सतरंजीवर गाड्या मोजायला बसला, पण काही केल्या त्याला त्या मोजता येईनात.